हाडे मऊ करणारी गाठ शोधायची, तर स्कॅन डोक्यापासून तळपायापर्यंत हवा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

हाडांच्या दुखण्यांविषयी मराठी वर्तमानपत्रांत आणि त्यांच्या आरोग्यविषयक पुरवण्यांत जे लेख येतात, त्यांत कॅल्शियम, ‘ड’ जीवनसत्त्व आणि उतारवयात हाडांना येणारा ठिसूळपणा यांची माहिती सविस्तर असते, आणि बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत तेवढी माहिती पुरतेही. परंतु काही थोड्या रुग्णांचे कॅल्शियम नेहमीच्या मर्यादेत असते, ‘ड’ जीवनसत्त्वाच्या पुड्या आणि इंजेक्शने घेऊन तेही भरून आलेले असते, आणि तरीही त्यांची हाडे महिन्यामागून महिने मऊ पडत जातात, बरगड्या नुसत्या खोकल्याने मोडतात आणि कालपर्यंत शेतात वा कारखान्यात काम करणारा माणूस उठून उभा राहण्यासाठी दुसऱ्याचा हात शोधू लागतो. यांपैकी काहींच्या शरीरात कुठेतरी एक लहानशी गाठ दडलेली असते. ती सापडली आणि पूर्णपणे काढता आली, तर हा आजार मुळापासून बरा होतो. ती शोधण्यासाठी योग्य तपासणी आज महाराष्ट्रात उपलब्ध आहे. मात्र ती करताना शरीराचे नेमके तेच भाग अनेकदा वगळले जातात जिथे ही गाठ सर्वाधिक आढळते. न्यूक्लिअर मेडिसिन विभागात, म्हणजे किरणोत्सारी द्रव्ये देऊन स्कॅन करणाऱ्या विभागात, तंत्रज्ञ म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो आहे, आणि ही त्रुटी जवळून पाहिलेली असल्याने हे पत्र लिहीत आहे.

वैद्यकीय भाषेत या आजाराला ट्यूमर-इंड्यूस्ड ऑस्टिओमॅलेशिया म्हणतात. गाठीतून एफजीएफ-२३ नावाचे संप्रेरक अतोनात प्रमाणात रक्तात सोडले जाते. निरोगी शरीरातही हे संप्रेरक असते. हाडांतील पेशी ते तयार करतात आणि रक्तातील फॉस्फेट वाजवीपेक्षा वाढू नये याची काळजी त्याच्या मार्फत घेतली जाते. गाठीला मात्र असा कोणताच धरबंध नसतो. संप्रेरकाच्या माऱ्याने मूत्रपिंडे फॉस्फेट परत शोषून घेण्याचे थांबवतात आणि ते लघवीवाटे वाहून जाते. शिवाय ‘ड’ जीवनसत्त्वाचे कार्यक्षम रूप मूत्रपिंडात तयार होते, तेही याच संप्रेरकामुळे दाबले जाते, त्यामुळे आतड्यातून होणारी भरपाईही तोकडी पडते. हाड म्हणजे प्रथिनांची जाळी आणि तिच्यावर बसलेले कॅल्शियम व फॉस्फेट यांचे क्षार. फॉस्फेटच नसेल तर सेंट्रिंग उभे आहे, सळ्या बांधल्या आहेत, पण काँक्रीट पडलेलेच नाही अशी सांगाड्याची अवस्था होते. स्नायूंनाही फॉस्फेट लागते, म्हणून दुखण्याच्या जोडीला मांड्या आणि कंबर यांच्यातली ताकद जाते आणि चाल बदकासारखी डुलती होते.

या गाठीचा इतिहास मला फार बोलका वाटतो. १९४७ साली ब्रिटनमध्ये रॉबर्ट मॅकान्स यांनी अशा एका रुग्णाचे वर्णन प्रसिद्ध केले. ‘ड’ जीवनसत्त्वाचे प्रचंड डोस आणि मांडीच्या हाडातील एका गाठीची शस्त्रक्रिया यांनंतर रुग्ण बरा झाला, पण श्रेय जीवनसत्त्वाला मिळाले. गाठ हेच कारण असावे असे ठामपणे म्हणणारे आंद्रेया प्रादर हे झुरिकचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांनी १९५९ साली बरगडीतील गाठ काढल्यावर मुडदूस बरा झालेल्या एका मुलीची हकीकत लिहिली. गाठीतून नेमके काय स्रवते हे कळायला त्यानंतर चार दशके जावी लागली, आणि २००१ साली जपानी संशोधकांनी ते द्रव्य एफजीएफ-२३ असल्याचे दाखवून दिले. म्हणजे कारण कळण्यापूर्वीही इलाज हाताशी होता आणि अडचण फक्त गाठ सापडण्याची होती. ती अडचण आजही तशीच आहे, कारण ही गाठ बहुधा कर्करोगाची नसते, सावकाश वाढते, अनेकदा दोन सेंटिमीटरहूनही लहान असते आणि स्वतः दुखतही नाही.

दुखते ते सारे अंग, आणि इथेच रुग्णाची परवड सुरू होते. पाठीसाठी मणक्याचा एमआरआय होतो, सांध्यांसाठी संधिवाताची औषधे सुरू होतात, हाडांची घनता मोजली की ती कमीच भरते आणि ठिसूळपणाचे निदान होते. हाडांचा आयसोटोप स्कॅन केला तर बरगड्या, खुबे, पावले अशा अनेक ठिकाणी एकदम ठिपके उजळतात आणि कर्करोग हाडांत पसरल्याची शंका घरच्यांच्या कानावर घातली जाते. प्रत्यक्षात ते ठिपके मऊ हाडांना गेलेल्या बारीक तड्यांचे असतात. सगळे अहवाल ‘नॉर्मल’ आहेत, तेव्हा हे मनाचे दुखणे असावे, असे ऐकून परतलेले रुग्णही मी पाहिले आहेत. लक्षणे सुरू झाल्यापासून खरे निदान होईपर्यंत वर्षे लोटतात, असे या आजारावरील जगभरातील अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. या काळात दिले जाणारे काही उपचार निव्वळ निरुपयोगी नसून घातकही ठरू शकतात. ठिसूळपणासाठी वापरली जाणारी बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे मऊ हाडांच्या रुग्णाला देऊ नयेत, आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची सहा लाख युनिटची इंजेक्शने पातळी न तपासता एकामागून एक देत राहणे तर सर्वथा चुकीचे आहे.

हे टाळण्याची पहिली पायरी अगदी स्वस्त आहे. उपाशीपोटी घेतलेल्या रक्तातील फॉस्फरस (प्रयोगशाळेच्या अहवालात फॉस्फेट याच नावाने मोजले जाते) मोजणे हे तालुक्याच्या ठिकाणच्या प्रयोगशाळेतही होते. प्रौढांमध्ये ते साधारणपणे दर डेसिलिटरला २.५ ते ४.५ मिलिग्रॅम असावे लागते. असे असूनही हाडांच्या दुखण्यासाठी लिहून दिलेल्या तपासण्यांत कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्व असते आणि फॉस्फरस राहून जातो, याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे. लहान मुलांत फॉस्फरसची नेहमीची पातळी प्रौढांपेक्षा बरीच वर असते, त्यामुळे प्रौढांची मर्यादा छापलेल्या कागदावर मुलाचा कमी फॉस्फरसही ठीक असल्यासारखा दिसतो, हेही बालरोगतज्ज्ञांनी आणि पालकांनी ध्यानात घ्यावे. फॉस्फरस कमी आणि अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडांच्या आजारात रक्तात वाढणारे एक विकर) वाढलेले, अशी जोडी दिसली की एकाच वेळी रक्त व लघवीतील फॉस्फेट आणि क्रिएटिनिन मोजून फॉस्फेट मूत्रपिंडातून गळते आहे का, याचा हिशेब करता येतो.

गळती सिद्ध झाली म्हणून लगेच गाठीच्या मागे लागायचे असेही नाही. कावीळ-बी आणि एचआयव्ही यांवरील टेनोफोव्हिर, तसेच अ‍ॅडेफोव्हिर या औषधांनी मूत्रपिंडांना इजा होऊन फॉस्फेट वाहून जाऊ शकते. रक्तक्षयासाठी शिरेतून दिल्या जाणाऱ्या लोहाच्या काही इंजेक्शनांनी, विशेषतः फेरिक कार्बॉक्सीमाल्टोजने, एफजीएफ-२३ वाढून हाच प्रकार होतो, आणि आपल्याकडे हे इंजेक्शन आता सर्रास दिले जात असल्याने ही चौकशी विसरून चालणार नाही. काही कुटुंबांत हा दोष जन्मजात असतो. अशा वेळी लहानपणी पाय वाकले होते का, घरात कोणाची उंची खुंटली आहे का, हे प्रश्न कोणत्याही यंत्रापेक्षा अधिक उपयोगी पडतात. या साऱ्यांतून सुटलेला, प्रौढ वयात आजार सुरू झालेला आणि एफजीएफ-२३ वाढलेला रुग्ण समोर आला, म्हणजे संपूर्ण शरीराच्या स्कॅनची वेळ आली असे समजावे. ‘फुल बॉडी चेकअप’च्या जाहिराती पाहून धडधाकट माणसाने स्वतःहून असा स्कॅन करून घेण्याला मी अजिबात अनुकूल नाही. रक्त-लघवीच्या तपासण्यांनी प्रश्न नेमका झालेला नसेल, तर स्कॅनवरील प्रत्येक निरुपद्रवी ठिपका नवी चिंता आणि नवा खर्च घेऊन येतो.

आता स्कॅनविषयी थोडे सविस्तर लिहितो. कर्करोगासाठी केला जाणारा आणि लोकांना ‘पेट स्कॅन’ म्हणून माहीत असलेला स्कॅन बहुतेक वेळा एफडीजी या किरणोत्सारी साखरेचा असतो. जिथे पेशी साखर झपाट्याने वापरतात तिथे तो उजळतो. आपली गाठ संथ असल्याने ती त्यात उठून दिसेलच याची खात्री नसते. उलट भरून येऊ पाहणाऱ्या तड्यांच्या जागा मात्र ठळक दिसतात, आणि कर्करोग पसरल्याचा गैरसमज याही स्कॅनमधून होऊ शकतो. या गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन नावाच्या संप्रेरकाचे ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे ते संप्रेरक जिथे येऊन चिकटते त्या जागा, मोठ्या संख्येने असतात. त्या ग्राहकांना जाऊन चिकटणारे डोटाटेट किंवा डोटानॉक यांसारखे द्रव्य गॅलियम-६८ या किरणोत्सारी अणूला जोडून शिरेतून दिले आणि साधारण तासाभराने पेट-सीटी यंत्रावर चित्र घेतले, तर गाठ नेमकी उजळण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. गॅलियम-६८ची अर्धी किरणोत्सारिता अवघ्या ६८ मिनिटांत संपते, त्यामुळे ते दूरच्या कारखान्यातून मागवून साठवता येत नाही. ज्याच्यापासून गॅलियम तयार होत राहते अशा जर्मेनियम-६८चे उपकरण (जनरेटर) रुग्णालयातच ठेवून त्यातून ते त्या त्या दिवशी काढावे लागते. हा स्कॅन गावोगावी नसण्याचे हे एक मोठे कारण आहे. जिथे तो नाही तिथे टेक्नेशियम या दुसऱ्या किरणोत्सारी द्रव्यावर आधारित, त्याच ग्राहकांना शोधणारा स्पेक्ट-सीटी हा वेगळ्या यंत्रावरचा स्कॅनही उपयोगी पडतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील अंतःस्रावतज्ज्ञांनी (संप्रेरकांच्या आजारांच्या डॉक्टरांनी) नऊ रुग्णांमध्ये या पद्धतींची एफडीजीशी तुलना करून २०१४ साली ती आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली होती. म्हणजे हे ज्ञान परदेशातून येण्याची वाट पाहावी लागावी अशी आपली स्थिती नाही. ते परळमध्येच तयार झालेले आहे.

परंतु योग्य द्रव्य वापरले म्हणजे काम झाले असे होत नाही. पेट स्कॅनची नित्याची पद्धत कर्करोगाच्या रुग्णांना डोळ्यांसमोर ठेवून बसवलेली आहे: डोळ्यांच्या पातळीपासून मांडीच्या मध्यापर्यंत, हात डोक्यावर घेऊन. फुप्फुस, यकृत, पोट यांसाठी ही पद्धत रास्त आहे. हाडे मऊ करणारी गाठ मात्र सर्वाधिक वेळा आढळते ती पायांत, म्हणजे मांडी, गुडघा, पोटरी, टाच, तळवा या भागांत. त्याखालोखाल ती डोके व चेहऱ्यात, नाकाजवळच्या पोकळ्यांत, कवटीच्या तळाशी किंवा जबड्यात असते. नित्याच्या पद्धतीत मांडीच्या खालचा सगळा पाय वगळला जातो, कवटीचा वरचा भाग राहतो आणि डोक्यावर घेतलेले हातही पुष्कळदा चित्राच्या बाहेर जातात. अनेक यंत्रांचे टेबल एका दमात डोक्यापासून बोटांपर्यंत जाऊ शकत नाही. रुग्णाला उतरवून, पाय यंत्राकडे करून पुन्हा झोपवावे लागते आणि पायांचे चित्र वेगळे घ्यावे लागते. यासाठी लागतात जास्तीची दहा-पंधरा मिनिटे. बाहेर रांग असते, गॅलियमची ताकद दर मिनिटाला घटत असते, आणि चिठ्ठीवर फक्त ‘होल बॉडी पेट-सीटी’ एवढेच लिहिलेले असते. तंत्रज्ञ तेव्हा नित्याची पद्धत चालवतो, आणि त्याला दोष देता येणार नाही, कारण काय शोधायचे आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

याची परिणती कुठवर जाते, याचे एक उदाहरण देतो. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. प्राथमिक शाळेतील एक शिक्षक काठी टेकत आमच्या विभागात आले तेव्हा त्यांच्या पिशवीत दुसऱ्या एका ठिकाणचा पेट स्कॅन होता आणि त्यावर हाडांत पसरलेल्या कर्करोगाची शक्यता नोंदवलेली होती. हाडाचा तुकडा काढून झाला होता व त्यात कर्करोग मिळाला नव्हता. जुन्या कागदांत एका ठिकाणी फॉस्फरस १.४ असल्याची नोंद होती आणि तिच्याभोवती कोणी साधे वर्तुळही केलेले नव्हते. आमच्याकडच्या अंतःस्रावतज्ज्ञांनी चिठ्ठीवर संशयित आजाराचे नाव लिहिले आणि खाली, ‘डोक्याच्या टाळूपासून पायाच्या बोटांपर्यंत, हातांसह’ अशी स्पष्ट सूचना दिली. डोटानॉकच्या स्कॅनमध्ये डाव्या टाचेच्या मऊ भागात वाटाण्याएवढा एक ठिपका लख्ख दिसला. तिथे बोटाने चाचपल्यावर एक टणक गाठ लागली. भोवरी असेल असे समजून शिक्षकांनी ती कधी कोणाला दाखवली नव्हती. पहिल्या स्कॅनमध्ये टाच नव्हतीच. शस्त्रक्रियेनंतर आठवड्याच्या आत फॉस्फरस नेहमीच्या पातळीवर आला. हाडे भरून यायला पुढे बरेच महिने लागले, पण पुढच्या शैक्षणिक वर्षात ते वर्गात उभे राहून शिकवत होते.

स्कॅनमध्ये ठिपका दिसला म्हणून तो लगेच कापायचा असेही नसते. तड्यांच्या जागी डोटाटेटही फिकटसे साचते, आणि पिट्युटरी, अ‍ॅड्रीनल, प्लीहा, मूत्रपिंडे येथे तर ते निरोगी माणसातही दिसते. म्हणून चित्र वाचणाऱ्या डॉक्टरांना रुग्णाची हकीकत, रक्ताचे आकडे आणि पूर्वीचे एक्स-रे समोर हवेत, आणि संशयित जागेचा एमआरआय किंवा सीटी करून गाठीची हद्द ठरवायला हवी. कुठे संभ्रम राहिलाच, तर त्या भागातील शिरांमधून रक्त घेऊन एफजीएफ-२३ कुठे वाढते हे तपासता येते. शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी गाठ भोवतालच्या थोड्या निरोगी भागासह अखंड काढणे महत्त्वाचे आहे, कारण तुकड्यातुकड्याने खरवडलेली गाठ परत वाढते आणि दुखणेही परत येते. नाकाच्या पोकळीत किंवा कवटीच्या तळाशी असे करणे अवघड असते, हे मान्य आहे.

काही रुग्णांत सर्व काही नीट करूनही गाठ सापडत नाही. त्यांनी निराश होऊ नये. काही काळाने स्कॅन पुन्हा केल्यावर ती सापडल्याची उदाहरणे आहेत. तोवर फॉस्फेटचे औषध दिवसातून चार-सहा वेळा विभागून आणि त्याच्या जोडीला कॅल्सिट्रिऑल, म्हणजे ‘ड’ जीवनसत्त्वाचे कार्यक्षम रूप, घेतल्याने बराच आराम पडतो. मात्र फॉस्फेटने जुलाब होतात, दीर्घकाळ घेतल्यास पॅराथायरॉइड ग्रंथी वाढतात आणि मूत्रपिंडात क्षार साचू शकतात, म्हणून ठरावीक काळाने तपासण्या कराव्याच लागतात. एफजीएफ-२३लाच निष्प्रभ करणाऱ्या बुरोसुमॅब या औषधाला अमेरिकेत जून २०२० मध्ये या आजारासाठी मान्यता मिळाली. त्याची किंमत मात्र आपल्याकडील सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातली नाही. एका लहान शस्त्रक्रियेने बरा होऊ शकणारा माणूस, पाय स्कॅनमध्ये घेतले गेले नाहीत एवढ्याच कारणाने आयुष्यभर औषधांवर राहावा, हे मला सहन होत नाही.

आपल्या वृत्तपत्रामार्फत काही विनंत्या करतो. अस्थिरोगतज्ज्ञ, संधिवाततज्ज्ञ आणि विशेषतः खेड्यापाड्यांतील सर्वसाधारण डॉक्टरांनी, दोन-तीन महिन्यांहून अधिक काळ अंगदुखी आणि उठता-बसताना अशक्तपणा असलेल्या प्रत्येक रुग्णाचा फॉस्फरस एकदा तरी पाहावा. स्कॅनची चिठ्ठी लिहिणाऱ्यांनी संशयित आजार, कोणते द्रव्य हवे आणि शरीराचा कोणता भाग घ्यायचा, हे तिन्ही त्यावर लिहावे. न्यूक्लिअर मेडिसिन विभागांनी अहवालाच्या पहिल्याच ओळीत कुठपासून कुठपर्यंतचे शरीर पाहिले ते साध्या शब्दांत नमूद करावे, म्हणजे ‘गाठ आढळली नाही’ या वाक्याचा अर्थ वाचणाऱ्याला नीट लागेल. गॅलियमचे स्कॅन आज प्रामुख्याने मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या रुग्णाला तिथवर येण्याचा, राहण्याचा आणि स्कॅनचा खर्च झेपत नाही. रुग्णांची संख्या थोडी आहे, म्हणून शासनावर बोजाही थोडाच पडेल. वैद्यकीय महाविद्यालयातील अंतःस्रावतज्ज्ञाने किंवा औषधवैद्यकशास्त्राच्या प्रमुखाने फॉस्फेटची गळती प्रमाणित केल्यावर अशा रुग्णाचा स्कॅन आणि शस्त्रक्रिया शासकीय योजनेतून विनाविलंब व्हावी, एवढी तरतूद आरोग्य विभागाने करणे सहज शक्य आहे.

शेवटी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. स्कॅनला जाताना पूर्वीचे सर्व फॉस्फरसचे आकडे तारखेनुसार एका कागदावर लिहून न्यावेत. त्याआधी घरीच रुग्णाचे तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या, पोटऱ्या, मांड्या, हात, हिरड्या आणि डोक्याची त्वचा शांतपणे चाचपून पाहावी, आणि बारीकशी का होईना, जुनी गाठ किंवा टणक जागा लागली तर तिथे पेनाने खूण करून ती तंत्रज्ञाला व डॉक्टरांना दाखवावी. टेबलावर झोपण्यापूर्वी पायांचे चित्र घेणार आहात ना, असे निःसंकोच विचारावे. स्कॅन झाल्यावर छापील अहवालावर समाधान न मानता मूळ चित्रांची सीडीही मागून घ्यावी, कारण पुढे दुसऱ्या तज्ज्ञाला तीच चित्रे नव्या नजरेने पाहायची असतील, तर कागदावर छापलेल्या चार लहान प्रतिमांवरून त्याला काहीच ठरवता येत नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त न्यूक्लिअर मेडिसिन तंत्रज्ञ,
सातारा